चाक जमिनीवर राहावे म्हणून

गेल्या आषाढात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात एका स्नेह्यांच्या कुळागराकडे मी माझी चारही चाकांवर जोर घेणारी गाडी घेऊन निघालो होतो. वाट तांबड्या चिखलाची. मधूनच जांभ्या दगडाचे उंचवटे. एका घळीपाशी पुढचे डावे चाक अधांतरी लोंबकळून गरगरा फिरू लागले आणि गाडी उताराकडे कलली. बरोबरचे तिघे उजव्या पायरीवर उभे राहिले, म्हणून ती सावरली. घरी येऊन शोध घेतला तेव्हा दोष वाटेचा नसून माझाच असल्याचे आढळले.

महिंद्र कंपनीने आपल्या देशात जोडावयास घेतलेल्या विलीज जीपला पाट्यांच्या स्प्रिंगा असत. आजच्या पुष्कळ गाड्यांत शॉक अॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती वेटोळी स्प्रिंग असा एकत्र जोड असतो. २०२० सालच्या थारच्या पुढच्या चाकांना हीच रचना आहे. तिला कॉइलओव्हर म्हणतात. हौशी मंडळी जो जोड मुद्दाम बसवितात, त्याच्या अंगावर आटे पाडलेले असतात. त्यांवरील चक्री फिरविली की गाडी उंच होते.

चक्री आवळली म्हणजे स्प्रिंग ताठ होते, असा पुष्कळांचा समज आहे. माझाही होता. वस्तुतः साधी स्प्रिंग जितकी ताठ असते तितकीच राहते. माझ्या गाडीत त्या स्प्रिंगेवर ४०० किलो भार येई आणि दर ५ किलोला ती १ मिलिमीटर दबे. म्हणजे एकूण ८० मिलिमीटर. शॉकची सारी हालचाल २०० मिलिमीटरची. तेव्हा खड्ड्यात खाली उतरावयास ८० आणि वर दबावयास १२० मिलिमीटर मिळत. पुढे विंच बसविला, भार ४४० किलो झाला, स्प्रिंग ८८ मिलिमीटर दबली. मी उंचीच्या मोहाने चक्री ४० मिलिमीटर आवळली. गाडी रुबाबदार दिसू लागली खरी. परंतु खाली उतरावयास आता केवळ ४८ मिलिमीटर उरले होते. चाक घळीच्या तळाशी पोहोचणार तरी कसे?

म्हणून प्रथम वजन करावे, आणि तेही इंधन, जादा चाक, सामान व माणसे यांसह. मग एकूण हालचालीपैकी तिसरा ते अर्धा हिस्सा खाली उतरण्यासाठी राखावा. दगडांतून सावकाश जावयाचे असल्यास अधिक, सपाट माळावर वेगाने धावावयाचे असल्यास कमी. तितक्याच दबणाऱ्या स्प्रिंगेची निवड करावी. मला हवी होती ती दर मिलिमीटरला ५.५ किलो भार घेणारी. दुसऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नये. कारण चाक आणि बिजागरी यांच्या बरोबर मध्यावर उभ्या असलेल्या स्प्रिंगेचा ताठपणा चाकापाशी चतुर्थांशच भरतो.

स्प्रिंग भार पेलते, तर शॉक तिची उसळी आवरतो. त्याचा उघडतानाचा विरोध फार वाढविला, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पुरते खाली येण्यापूर्वीच पुन्हा दबते आणि गाडी खचत जाते. फार कमी केला, तर ती उधळलेल्या घोड्यासारखी उसळते. आवरलेल्या गतीची उष्णता होते आणि तेल तापते. म्हणून लांबच्या वेगवान प्रवासासाठी तेलाची वेगळी टाकी जोडलेला शॉक घेतात. जुळवणी करताना टायरमधील हवा कायम ठेवावी, एका वेळी एकच बदल दोन्ही बाजूंस सारखा करावा, त्याच वाटेने पुन्हा जावे आणि वहीत नोंद करावी. उंची बदलली तर चाकांची दिशाही तपासून घ्यावी. एक सावधगिरी मात्र विसरू नये: दाबलेली स्प्रिंग आणि वायू भरलेला शॉक योग्य हत्यारांवाचून कदापि उघडू नये.

मी स्प्रिंग बदलली, चक्री सैल केली. श्रावणाच्या अखेरीस त्याच वाटेने पुन्हा गेलो. गाडी पूर्वीपेक्षा बुटकी दिसत होती. परंतु घळीपाशी चाक खाली उतरले, तळाला टेकले आणि गाडी सरळ पुढे निघाली. कोणालाही पायरीवर उभे राहावे लागले नाही.