शेजारणीचा ढोल ऐकू येतो का?



12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव. जयंती म्हटली की मिरवणूक आली, आणि मिरवणूक म्हटली की ढोल-ताशा आला. आता गावोगावच्या बायाही कमरेला ढोल बांधतात. ढोलावर ठेका धरणं थोड्या दिवसांत जमतं. पण दहाजणींसोबत वाजवणं ही निराळी गोष्ट आहे. आज त्याबद्दलच बोलू.

पथकात ताशा सांगतो आणि ढोल ऐकतो. ताशाचा आवाज कडक, म्हणून ठेका कधी बदलायचा, कुठे थांबायचं, हे त्यावरून कळतं. तेव्हा नजर गर्दीकडे नको, ताशावालीकडे ठेवा. लोक जमले की हात आपोआप पळतो. एकीचा पळाला की दुसरी तिला गाठायला धावते आणि घटकाभरात सगळ्या दमतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वारकऱ्यांचे टाळ बघा. इतके हात, पण कुणाचा टाळ वेगळा ऐकू येत नाही.

आपलं कसं चाललंय, हे ओळखायची एक खूण आहे. शेजारणीचा ढोल ऐकू येतो का? येत नसेल, तर आपला हात जड पडतोय. जरा हलका करा.

ठेका चुकला तर? मध्येच घाईनं घुसू नका. हात थांबवा, पायानं ठेका धरा, आणि पुढचं आवर्तन सुरू झालं की त्यात मिसळा. दुसरी चुकली तर वळून तिच्याकडे बघू नका. सासू-सासऱ्यांना, नवऱ्याला समजावून एखादी बाई पहिल्यांदा संध्याकाळची घराबाहेर पडलेली असते. चारचौघांत तिला बोल लागला, तर ती उद्या येणार नाही. आणि घरचे म्हणतील, "आम्ही सांगत नव्हतो?" नवीन बाईला कडेला उभी करू नका. दोन पक्क्या हातांच्या मधे घ्या, ती आपोआप सावरते.

ढोल कमी आणि बाया जास्त, असं असतंच. मग पाळ्या लावा. जिची पाळी नाही, तिनं टाळ्यांवर ठेका धरावा. अध्यक्षबाई आहे म्हणून ताशा कायम तिच्याकडेच, असं नको.

अंगालाही जपा. पोटुशी बाई, पाठीचं दुखणं असलेली किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असलेली बाई, यांनी ढोल उचलू नये. कानात कापूस घालून फारसं भागत नाही. औषधांच्या दुकानात कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, ते वापरा.

वेळेचंही भान ठेवा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाद्यं वाजवायला कायद्यानं बंदी आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असतं. तिथून ढोल न वाजवता पुढे जायचं.

आज सरावाला जमाल तेव्हा एक करून बघा. सगळ्यांनी डोळे मिटा. एकीनं हळू ठेका धरावा, मग एकेकीनं त्यात मिसळावं. शेवटची आली तरी पहिलीचा ढोल ऐकू यायला हवा. तेवढं साधलं, की खुशाल मिरवणुकीत उतरा.

रामराम!