घर विकले जाईपर्यंत



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली. तेव्हापासून असल्या व्यासपीठांवर वेदान्तापासून परराष्ट्रधोरणापर्यंत सगळे विषय येऊन गेले. आम्ही आज आणलेला विषय त्या मानाने अगदीच चुलीजवळचा आहे. माणसाची बदली होते, किंवा पोटापाण्यासाठी त्याला गाव सोडावे लागते. नव्या गावी तो भाड्याने बिऱ्हाड मांडतो आणि इथले घर विकायला काढतो. भाडे पहिल्या महिन्यापासून सुरू होते. गिऱ्हाईक मात्र वर्ष उलटले तरी येत नाही. एका पगारावर दोन उंबरे सांभाळायचे कसे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

विद्वत्तेचा आव आम्ही आणणार नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या अर्जांवर, करारांवर आणि कोर्टाच्या कागदांवर पुष्कळ झाले. संघटनेच्या कचेरीत पगाराची तक्रार घेऊन आलेला माणूस अर्ध्या तासाने हळूच विचारतो, “दादा, घराला कोणी गिऱ्हाईक आहे का हो?” तेव्हा आम्हांस कळते की खरी तक्रार ही आहे.

आपल्या कुर्डुवाडीचा जन्मच रुळांवर झाला. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. तेव्हा आपल्या स्टेशनाचे नावही ‘बार्शी रोड’ असेच होते. पुढे ती गाडी एकीकडे पंढरपूरला, दुसरीकडे लातूरला गेली आणि १९२७ साली मिरजेला पोचली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. कारखान्यात काम करणाऱ्या फिटरांनी, गार्डांनी, गँगमननी आयुष्यभर पै-पै साठवून इथे जागा घेतल्या. आधी पत्र्याची खोली, मग स्लॅब, मग मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. ही घरे अशी पगारवाढीच्या थरांनी बांधली गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळांचे रुंदीकरण तुकड्यातुकड्याने झाले. आधी पंढरपूर, २००८ पर्यंत लातूरची बाजू आणि सर्वांत शेवटी मिरजेची. मोठी गाडी आली याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु पूर्वी पंढरीला जाणारा प्रवासी इथे उतरून गाडी बदलत असे, चहा पीत असे, कधी रात्र काढत असे. तो आता खिडकीतून गावाकडे पाहून पुढे जातो. आणि आमची मुले त्याच मोठ्या गाडीत बसून पुण्याला जातात, ती बहुधा परत येत नाहीत.

म्हणजे घर आहे, पण त्या घरात राहणाऱ्याचे काम दुसरीकडे गेले आहे. ही अडचण केवळ कुर्डुवाडीची नाही. १८७२ साली फ्रेडरिक एंगेल्सने घराच्या प्रश्नावर जर्मन भाषेत एक लेखमाला लिहिली. त्या वेळी काही भले लोक म्हणत होते की, प्रत्येक कामगाराला स्वतःचे घर द्या म्हणजे तो सुखी होईल. एंगेल्सने उलट विचारले की, कामगाराजवळ आपले श्रम हवे तिथे नेऊन विकण्याची मोकळीक आहे. घराने त्याचा पाय बांधला गेला तर मालक त्याला कमी मजुरीवर दाबणार नाही काय? पुढे १९९०च्या दशकात अँड्र्यू ऑस्वाल्ड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने देशादेशांची तुलना करून म्हटले की, जिथे घरमालकी जास्त तिथे बेकारीही जास्त दिसते. स्पेनमध्ये बहुतेकांची स्वतःची घरे आणि बेकारी मोठी. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक भाडेकरू आणि बेकारी थोडी. या मतावर पुष्कळ वाद झाला. परंतु कामाच्या शोधात निघालेल्या माणसाला न विकलेले घर मागे ओढते, हे समजायला आम्हांस वादाची गरज नाही.

तरीसुद्धा एंगेल्सचे म्हणणे आम्ही पुरतेपणी मानत नाही. निवृत्त झाल्यावर, विधवा झाल्यावर, कंत्राट संपल्यावर ज्याने डोक्यावरचे छप्पर घालवले नाही तो इथला कामगार स्वतःच्या घरामुळेच तरला, हेही आम्ही पाहिले आहे. घर ही बेडी आहे की आधार आहे, हे बाजारावर ठरते. हवे तेव्हा योग्य भावाला विकता येते ते घर आधार; विकता येत नाही ते बेडी. म्हणून बेडी सोडवायची कशी, तेवढे पाहू.

पहिला मुद्दा हिशेबाचा. समजा, घराला आज वीस लाख रुपये देणारा माणूस आहे. मालक म्हणतो, “बावीसच्या खाली देणार नाही.” दीड वर्ष थांबून त्याला बावीस मिळाले. त्याला वाटते, दोन लाख कमावले. आता मांडून पाहू. वीस लाख रुपये सात टक्के व्याजाने ठेवले असते तर वर्षाला एक लाख चाळीस हजार, दीड वर्षात दोन लाख दहा हजार झाले असते. वर नगरपालिकेची घरपट्टी, विजेचे बिल, गळक्या पन्हाळीची दुरुस्ती आणि दर महिन्याला येऊन घर उघडण्याचा गाडीखर्च. बंद घराला वाळवी लागते ती वेगळीच. म्हणजे दोन लाख मिळवण्यासाठी त्याने दोन लाखांहून अधिक घालवले. घरावर बँकेचे कर्ज असेल तर हिशेब याहून कडू.

कोणी म्हणेल, मग घर भाड्याने द्या. द्यावे, पण समजून. महिना चार हजार भाडे आले तर दीड वर्षात बहात्तर हजार होतात आणि घर नांदते राहते. मात्र घेणाऱ्याला मोकळा ताबा हवा असतो. आत कुटुंब दिसले की तो भाव पाडतो किंवा परत फिरतो. तेव्हा दोन वर्षे विकायचेच नाही असा निश्चय असेल तर भाडेकरू ठेवावा. सहा महिन्यांत विकायचे असेल तर ठेवू नये. दोन्ही दगडांवर पाय ठेवला की माणूस मधल्या पाण्यात पडतो.

दुसरा मुद्दा भावाचा. आपण भाव ठरवतो तो ऐकीव गोष्टींवर. “टेंभुर्णी रोडला अमक्याचे तीस लाखांना गेले,” असे कोणी म्हणतो आणि आपण तीस धरून बसतो. अहो, दुय्यम निबंधकाच्या दप्तरी प्रत्येक नोंदलेल्या व्यवहाराचा सूची क्रमांक दोनचा उतारा असतो. तो कोणालाही पाहता येतो. त्यात कागदावरची खरी किंमत मिळते. काही व्यवहारांत कागदाबाहेरची रोकड असते हे आम्ही जाणतो. ती चाल बेकायदेशीर आहे आणि विकणाऱ्याच्याच गळ्याशी येते. तरी शेजारच्या दहा उताऱ्यांवरून अंदाज येतो. चहाच्या टपरीवरून येत नाही. त्याचबरोबर सरकारी मूल्यदराचा तक्ता, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात, तोही पाहावा. त्याच्या खाली भाव उतरला तरी मुद्रांकशुल्क सरकारी दराप्रमाणेच लागते. आणि फरक दहा टक्क्यांहून जास्त असला तर विकणाऱ्याचा नफाही सरकारी दरानेच धरला जातो. म्हणजे न मिळालेल्या पैशांवर कर बसू शकतो.

गिऱ्हाइकाचाही एक हंगाम असतो. इथे घर घेणारा कोण? उसाचे बिल हाती आलेला शेतकरी, दुकानदार, शिक्षक, निवृत्तीचा पैसा मिळालेला कामगार. पितृपंधरवड्यात कोणी व्यवहार बोलत नाही. पाडवा आणि अक्षय्यतृतीया यांच्या आसपास लोक हिंडू लागतात, कारण जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्यांना राहायला जायचे असते. घर झाडून, चुना मारून फेब्रुवारीत तयार ठेवले पाहिजे. पावसाळ्यात ओल आलेली भिंत दाखवून कोणाला भाव मिळाला आहे?

तिसरा मुद्दा कागदांचा. आमचा अनुभव असा की, ‘बाजार मंद आहे’ म्हणून रखडलेल्या घरांपैकी पुष्कळ घरे वस्तुतः कागदांपायी रखडलेली असतात. घर अजून मेलेल्या वडिलांच्या नावावर. वारसनोंद झालेली नाही. बहिणींच्या सह्या नाहीत. बहिणींना विचारायचे कशाला, असे म्हणणारे बंधू अजून भेटतात. १९५६च्या वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आणि २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तो तिला देणे किंवा तिने राजीखुशीने हक्कसोडपत्र करून देणे, हे गिऱ्हाईक येण्यापूर्वी उरकले पाहिजे. गिऱ्हाईक दारात आल्यावर भाऊबहिणींचे भांडण ऐकले की ते पाय लावून पळते.

इसाराच्या बाबतीतही सावध राहावे. एका कामगाराच्या घराला एका माणसाने थोडा इसार दिला आणि पावतीवर मुदत लिहू दिली नाही. दीड वर्ष त्याने ना खरेदी केली, ना घर मोकळे केले. तो दुसरे गिऱ्हाईक शोधत होता, चढ्या भावाने! तेव्हा इसारपावतीवर तारीख हवी, मुदत टळल्यास काय ते हवे, आणि खरेदीखत नोंदून पूर्ण पैसे येईपर्यंत ताबा देऊ नये. वीस हजार किंवा त्याहून अधिक इसार रोखीने घेण्यास आयकराच्या कायद्याची बंदी आहे, हेही ध्यानात असावे.

आता नव्या गावाकडे वळू. इथले घर विकण्यापूर्वी तिथे कर्ज काढून घर घेण्याची घाई पुष्कळांना होते. “भाडे म्हणजे पाण्यात पैसा,” असे सासुरवाडीचे लोक ऐकवतात. आमचे सांगणे आहे की, पहिले वर्ष भाड्यानेच राहावे. पाणी कुठे येते, शाळा कशी आहे, पाळीच्या वेळेला बस मिळते की नाही, हे राहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय दोन वर्षांहून जुने घर विकल्यावर त्यातल्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरे राहते घर विकत घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर त्या नफ्यावर कर माफ होतो. मधल्या काळात पैसा त्यासाठी नेमलेल्या बँकखात्यात ठेवावा लागतो एवढेच. म्हणजे हे मधले भाडेकरूपण सरकारनेही गृहीत धरले आहे. त्यात लाज कसली?

भाड्याचा करार लेखी करावा आणि नोंदवावा. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ हे जुने पालुपद झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याप्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. त्याने ती टाळली तर करारातील अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. मात्र मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणून मुदत ठरवताना इथल्या घराची विक्री डोळ्यांपुढे ठेवावी, आणि एक महिन्याच्या सूचनेने सोडण्याची सवलत लिहून घ्यावी. अनामत रकमेची पावती घ्यावी. शब्दावर विश्वास जरूर ठेवावा, पण तो शब्द कागदावर आणून.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय आम्हांस पुढे जाता येत नाही. नव्या शहरात घर पाहायला गेलेल्या आमच्या माणसाला भाड्याच्या आधी आडनाव विचारतात. मग म्हणतात, “कालच दिली हो खोली.” दुसऱ्या दिवशी पाटी तशीच असते. जो दोन गावांच्या मध्ये लटकला आहे, त्याच्या या अडचणीत जातीची आणि धर्माची भर पडली की तो मिळेल ती खोली, मागतील त्या भाड्याने घेतो. आणि तेवढ्यासाठी इथले घर पडत्या भावाने विकतो. म्हणजे तिथल्या एका मालकाच्या मनातला मळ इथल्या घराची किंमत उतरवतो. आपल्यापैकी ज्यांच्या जागा भाड्याने आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा की, आपल्या दाराशी आलेल्या माणसाला आपण प्रथम काय विचारतो?

संघटना म्हणून आम्ही काय मागतो? सातव्या वेतन आयोगाप्रमाणे जानेवारी २०२४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यास घरभाडे भत्ता पुण्यासारख्या शहरात मूळ पगाराच्या तीस टक्के, सोलापुरात वीस, आणि आपल्यासारख्या गावी दहा झाला. तो लढून मिळालेला आहे. परंतु त्याच कारखान्यात, त्याच उन्हात काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला सहसा असा भत्ता नाही. त्याला दुसऱ्या गावी धाडले की तो स्टेशनाबाहेर निजतो. त्याला भाडे मिळाले पाहिजे, ही पहिली मागणी. बदलीचे हुकूम शाळेचे वर्ष संपताना निघावेत, ही दुसरी. बदलून आलेल्या कुटुंबाला पहिले सहा महिने काढता येतील अशा संक्रमण-खोल्या असाव्यात, ही तिसरी.

आणि एक काम मागण्यासारखे नाही, करण्यासारखे आहे. या गावच्या वाचनालयात एक वही ठेवू या. विकाऊ घर कोणते, कागद पुरे आहेत की नाहीत, मालकाची खरी अपेक्षा काय, आणि शेवटी नोंदले गेले कितीला, हे त्यात मालकाच्या संमतीने लिहावे. दलालाचे पोट त्याने बुडणार नाही. त्याची थाप तेवढी बुडेल. विकणारा आणि घेणारा दोघेही याच गावचे आहेत. एकाला अडवून दुसऱ्याने कमावलेले दोन लाख गावाच्या श्रीमंतीत एका पैचीही भर घालत नाहीत.

घर विकणे म्हणजे बापाला विकणे असे मानणारी म्हातारी माणसे या सभेत बसली आहेत. त्यांच्या डोळ्यांतले पाणी आम्ही हिशेबात धरलेले नाही, कारण ते कोणत्याच रकान्यात मावत नाही. परंतु ज्या बापाने ते घर बांधले तोही कुठल्यातरी खेड्यातून, पाठीवर वळकटी टाकून, कामासाठीच इथे आला होता. त्याने मुलाला विचारले असते तर एवढेच विचारले असते की, काम मिळाले का आणि पोरे एका ठिकाणी जेवतात का? ती एका ठिकाणी जेवावीत म्हणून वेळेवर, रास्त भावाने आणि पुऱ्या कागदांनिशी हे घर दुसऱ्या कष्टाळू माणसाच्या हाती देणे, हाही घराचा मान राखणेच आहे.