प्रा. धनंजयराव गाडगीळ : एक कृतज्ञ स्मरण
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



रुग्णालयाच्या वर्धापनदिनी एका अर्थशास्त्रज्ञाचे स्मरण का, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या कार्यातच आहे.

रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव तिचे पहिले संचालक. प्रत्यक्ष पाहणीवाचून निष्कर्ष नाही, ही त्यांची शिस्त होती. पुण्याच्या फळबाजाराची पाहणी त्यांनी केली. १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध झाली. एसटीची पहिली गाडी धावली ती त्यानंतर तेरा वर्षांनी. पुढे त्यांनी पुणे शहराची विस्तृत सामाजिक-आर्थिक पाहणी सिद्ध केली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष आणि १९६७ पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

या कार्यातून आम्ही एक बोध घेतो : सेवा किती उभारली एवढेच मोजून भागत नाही, ती कोणापर्यंत व किती खर्चात पोहोचली, हेही मोजावे लागते.

२००६ सालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हा हिशेब आम्ही काटेकोर ठेवतो. परंतु परगावच्या रुग्णाचे प्रवासभाडे, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी आणि त्याचा जेवणखर्च कोणत्याही देयकात दिसत नाही. खाट विनामूल्य असूनही फेरतपासणीची तारीख चुकते आणि उपचार अर्धवट राहतो, त्यामागे अनेकदा हाच न दिसणारा खर्च असतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमची नम्र सूचना आहे की, येत्या वर्षी केसपेपरवर या तीन खर्चांची नोंद व्हावी आणि तिच्या आधारे स्वतंत्र प्रवास-साहाय्य निधी उभारावा. आप्तजनांनी ही माहिती संकोच न बाळगता द्यावी. देणगीदारांनी, खाटेला दिला तसाच, खाटेपर्यंतच्या वाटेलाही हातभार लावावा, ही विनंती.