आशियाई मैदान : पदक आणि घड्याळ

१९५१ सालच्या मार्च महिन्याच्या ४ तारखेस दिल्लीच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं पहिल्या आशियाई क्रीडासामन्यांचें उद्घाटन केलें. लाल किल्ल्यांत सूर्यकिरणांनीं पेटविलेली ज्योत मैदानावर आली. अकरा राष्ट्रांचे ४८९ खेळाडू ह्या सामन्यांसाठीं राजधानींत जमले होते. हे सामने खरे तर १९५० सालींच व्हावयाचे. पण तयारी पुरी न झाल्यामुळें एक वर्ष पुढें ढकलावे लागले. पाहुण्या खेळाडूंची राहण्याची सोय लष्करी बराकींत केली होती, आणि ज्या क्रीडांगणावर शर्यती व्हावयाच्या तें भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून १९३३ सालीं बांधलेलें. त्याचें पूर्वीचें नांव आयर्विन अॅम्फिथिएटर; राष्ट्रीय क्रीडांगण हें नांव ह्या सामन्यांच्या निमित्तानें मिळालें, आणि पुढें २००२ सालीं त्यास मेजर ध्यानचंद यांचें नांव देण्यांत आलें. स्वतंत्र होऊन चार वर्षेंही न झालेल्या देशानें सारी सामग्री अशी जुळवून आणलेली होती.

फुटबॉल, बास्केटबॉल, पोहणें, सायकल, वजन उचलणें असे इतर खेळ त्या आठ दिवसांत झाले. परंतु सामन्यांचा कणा म्हणजे धांवणें, उड्या मारणें आणि फेकणें ह्या मैदानी स्पर्धा. ह्या स्पर्धांची एक गोष्ट इतर खेळांहून निराळी असते. फुटबॉलमध्यें एक संघ दुसऱ्यास हरवितो, आणि तेथेंच निकाल संपतो. धांवपट्टीवर दोन न्यायाधीश बसलेले असतात. एक म्हणजे शर्यतीच्या शेवटीं ताणलेली फीत. ती सांगते कीं, आज येथें जमलेल्यांत पहिला कोण. दुसरा न्यायाधीश म्हणजे पंचाच्या मुठींतील घड्याळ. तें मात्र जमलेल्यांकडे पाहतच नाहीं. लंडनला, लॉस एंजेलिसला, बर्लिनला जे धांवले त्या सर्वांच्या रांगेंत ह्या विजेत्याची जागा कोठें, एवढेंच तें सांगतें. पदक फितीवरून मिळतें, घड्याळावरून नाहीं. म्हणून पहिल्या न्यायाधीशाचा निकाल टाळ्यांच्या गजरांत ऐकूं येतो, आणि दुसऱ्याचा निकाल वर्तमानपत्रांच्या बारीक टाइपांत छापला जातो.

दिल्लीला जमलेल्या देशांची यादी वाचली तरी त्या काळाची कल्पना येते. अफगाणिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन, भारत, इंडोनेशिया, इराण, जपान, नेपाळ, फिलिपाइन्स, सिंगापूर आणि थायलंड. त्यांपैकीं कित्येक नुकतेच स्वतंत्र झालेले, आणि जपान तर त्या वेळींही दोस्त राष्ट्रांच्या लष्करी ताब्यांत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला निमंत्रणच नव्हतें. युद्धांत जपानी सैन्यानें सिंगापूर साडेतीन वर्षें व्यापलें होतें. मनिला शहर १९४५ च्या लढाईंत जवळजवळ जमीनदोस्त झालें होतें. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं सिंगापूर, मनिला आणि टोकियो येथील तरुण एकाच चुन्याच्या रेषेवर ओणवे होऊन पिस्तुलाच्या आवाजाची वाट पाहत होते. हें घडवून आणण्यांत प्राध्यापक गुरुदत्त सोंधी यांचा वाटा सर्वांत मोठा. लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या ह्या गृहस्थांनीं १९३४ सालींच दिल्ली व पतियाळा येथें पश्चिम आशियाई सामने भरविण्यांत पुढाकार घेतला होता. त्यांत हिंदुस्थान, अफगाणिस्तान, सिलोन व पॅलेस्टाइन असे चारच देश होते, आणि ते सामने पुन्हां कधीं भरले नाहींत.

पूर्वेकडे त्याहीपेक्षां जुनी परंपरा होती. १९१३ सालीं मनिला येथें सुरू झालेले अतिपूर्वेचे सामने एकवीस वर्षें चालले, आणि मांचुकुओला प्रवेश द्यावा ह्या जपानच्या हट्टापायीं १९३४ नंतर ते मोडले. राजकारणानें त्यांचा शेवट कडू झाला खरा. पण जपाननें त्यांचा जो उपयोग करून घेतला तो अभ्यासण्यासारखा आहे. मिकियो ओदा हा मुलगा १९२३ सालीं ओसाकाच्या अतिपूर्वेच्या सामन्यांत लांब उडी व तिहेरी उडी जिंकला. तेवढ्यावर तो किंवा त्याचे देशबांधव थांबले नाहींत. पांच वर्षांनीं अॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें तिहेरी उडींत त्यानें १५.२१ मीटर अंतर तोडून सुवर्णपदक मिळविलें. आशियांतील माणसाचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक. त्याच मैदानावर किनुए हितोमी हिनें स्त्रियांच्या ८०० मीटर शर्यतींत रौप्यपदक घेतलें. शेजाऱ्यांतील पहिला नंबर जपानच्या दृष्टीनें जिन्याची पायरी होती. बसावयाचा पाट नव्हता.

दिल्लीच्या निकालांकडे वळल्यास, भारतीय प्रेक्षकांस सर्वांत मोठा आनंद मुंबईच्या लेव्ही पिंटोनें दिला. १०० मीटर त्यानें १०.८ सेकंदांत जिंकली, २०० मीटर २२ सेकंदांत. कमी अंतराच्या शर्यतीचें नाट्य असें कीं, प्रेक्षक बसल्या जागेवरून नीट उठतो न उठतो तोंच ती संपते. आणि जिंकणाऱ्याची चार वर्षांची मेहनत त्या अकरा सेकंदांत खर्ची पडते. एकाच सामन्यांत ह्या दोन्ही शर्यती जिंकल्यामुळें पिंटो हा आशियांतील सर्वांत वेगवान माणूस ठरला, ह्यांत कोणाचा वाद नव्हता. ८०० मीटर रणजितसिंगनें जिंकली, १५०० मीटर निक्कासिंगनें, मॅरॅथॉन छोटासिंगनें. चालण्याच्या दोन्ही शर्यती भारताकडे आल्या. महावीरप्रसादनें १० किलोमीटर व बख्तावरसिंगनें ५० किलोमीटर जिंकली. मदनलालनें गोळाफेक, माखनसिंगनें थाळीफेक, आणि चार जणांच्या ४०० मीटर टप्प्यांच्या शर्यतींतही भारत पहिला. एकूण ३३ मैदानी स्पर्धांपैकीं १० सुवर्णपदकें भारताचीं. इराणचा अली बागबानबाशी ५००० मीटरमध्यें, सिंगापूरचा एन्ग लियांग च्यांग अडथळ्यांच्या शर्यतींत आणि फिलिपाइन्सचा आंद्रेस फ्रांको उंच उडींत विजयी झाला. उरलेलीं २० सुवर्णपदकें जपाननें नेलीं. त्यांत स्त्रियांच्या नऊच्या नऊ स्पर्धा आल्या. तोयोको योशिनो ह्या एकट्या मुलीनें गोळा, थाळी व भाला ह्या तिन्ही फेकी जिंकल्या. युद्धानें होरपळलेल्या, परक्या फौजांच्या अमलाखालीं असलेल्या देशाचा हा हिशेब होता!

दहा सुवर्णपदकें ही गोष्ट लहान नव्हे, आणि त्या दिवसांत देशभर जो हर्ष झाला तो योग्यच होता. परंतु दुसऱ्या न्यायाधीशाचें म्हणणें त्याच दिवशीं नोंदलें गेलें होतें. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें १०० मीटरची वेळ होती १०.३ सेकंद. म्हणजे लंडनचा विजेता आणि पिंटो एका रेषेवरून सुटले असते, तर फितीपाशीं दोघांत चार-पांच मीटरांचें अंतर पडलें असतें. हें अंतर फार नाहीं. आणि पिंटोनें पुढच्याच वर्षीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें १०० व २०० ह्या दोन्ही शर्यतींत उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारून तें सिद्ध करून दाखविलें. ८०० मीटरची गोष्ट मात्र निराळी. रणजितसिंगची वेळ १ मिनिट ५९.३ सेकंद, आणि लंडनला व्हिटफील्डची १ मिनिट ४९.२. दहा सेकंद ऐकावयास थोडे वाटतात. पण त्या वेगानें हिशेब केला तर व्हिटफील्ड फीत तोडीत असतां रणजितसिंग सत्तर मीटरांच्या आसपास मागें असता. दिल्लीच्या प्रेक्षकांना तो पहिला येतांना दिसला, आणि तो पहिलाच होता. त्याच्या पुढें सत्तर मीटरांवर धांवणारी अदृश्य आकृति पाहण्यास घड्याळाचीच दृष्टि हवी.

ह्यावरून त्या पदकाची किंमत कमी होते काय? मुळींच नाहीं. ज्या देशांत चांगली धांवपट्टी असलेलीं शहरें बोटांवर मोजण्याइतकीं, शिकविणारे त्याहूनही थोडे, तेथें दोन मिनिटांच्या आंत ८०० मीटर धांवणारा माणूस निर्माण होतो ह्याचेंच आश्चर्य करावें. पण आश्चर्य करून स्वस्थ बसणें आणि पुढचा हिशेब मांडणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची संवय ह्या देशाला नव्हती असें म्हणवत नाहीं. उलट ती पुण्यासच लागली होती.

१९२० च्या ऑलिंपिकपूर्वीं थोडे दिवस डेक्कन जिमखान्याचे क्रीडासामने भरले होते, आणि सर दोराबजी टाटा अध्यक्ष या नात्यानें तेथें हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत खेड्यांतून आलेले शेतकऱ्यांचे मुलगे अनवाणी धांवले. त्यांना कोणी शिकविलें नव्हतें, आणि धांवण्याचें शास्त्र म्हणून कांहीं असतें हेंही त्यांच्या कानांवर गेलेलें नसावें. दोराबजींनीं त्यांच्या वेळा युरोपांतील नामांकित धांवपटूंच्या वेळांशीं ताडून पाहिल्या, आणि त्या फारशा मागें नाहींत असें त्यांच्या ध्यानांत आलें. त्या तुलनेंतूनच अँटवर्पला हिंदुस्थानचा संघ पाठविण्याचा विचार निघाला, आणि त्या मॅरॅथॉनमध्यें फडेप्पा चौगुले एकोणिसावा आला. म्हणजे ह्या देशाचा ऑलिंपिकचा सारा खटाटोप मुळांत एका घड्याळाच्या कांट्यावरून सुरू झाला आहे. पुण्याच्या त्या शर्यतींत पहिला कोण आला हें आज फार थोड्यांस ठाऊक असेल; इतिहास घडविला तो वेळेनें. पुढें एकतीस वर्षांनीं छोटासिंगनें दिल्लीची मॅरॅथॉन २ तास ४२ मिनिटें ५८.६ सेकंदांत जिंकली. लंडनच्या विजेत्याहून तो सुमारें आठ मिनिटें मागें होता. पण प्रमाणाच्या दृष्टीनें पाहिल्यास ८०० मीटरच्या मानानें हें अंतर पुष्कळच कमी. खेड्यांतील पायांविषयीं दोराबजींनीं बांधलेला अंदाज अगदींच फोल नव्हता.

स्त्रियांच्या शर्यतींविषयीं त्या काळीं सुशिक्षित घरांतूनही कपाळास आठ्या पडत. मुलीनें आंखूड विजारीवर हजारों लोकांसमोर धांवावें ही कल्पनाच पुष्कळांस पचत नव्हती. अशा वेळीं मुंबईच्या रोशन मिस्त्रीनें १०० मीटरमध्यें रौप्यपदक मिळविलें, आणि तिच्यासह मेरी डिसूझा वगैरे मुलींचा टप्प्यांच्या शर्यतीचा संघही जपानच्या मागोमाग दुसरा आला. मेरी डिसूझा आणि निलिमा घोष ह्या दोघी पुढच्या वर्षीं हेलसिंकीस गेल्या. ऑलिंपिकच्या धांवपट्टीवर पाऊल ठेवणाऱ्या ह्या पहिल्या भारतीय स्त्रिया. तेथें पदकाची आशा कोणी केली नव्हती, आणि मिळालेंही नाहीं. परंतु १९५४ सालीं मनिलाच्या दुसऱ्या आशियाई सामन्यांत मेरी डिसूझा, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्टीन ब्राउन ह्या चौघींनीं ४९.५ सेकंदांत तीच टप्प्यांची शर्यत जिंकली. तीन वर्षांपूर्वीं जेथें नऊही सुवर्णपदकें जपानच्या नांवावर लागलीं होतीं, त्यांतील एक अशा रीतीनें काढून आणलें गेलें.

मनिलाच्याच मैदानावर पाकिस्तानचा अब्दुल खालिक १०.६ सेकंदांत १०० मीटर धांवला आणि पिंटोची वेळ मागें पडली. फॉर्मोसाच्या यांग चुआन-क्वांगनें दशस्पर्धा तेथें जिंकली, १९५८ सालीं टोकियोस पुन्हां जिंकली, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें रौप्यपदक मिळविलें. पहिला क्रमांक केवळ ५८ गुणांनीं हुकला. ओदाप्रमाणें त्यानेंही शेजाऱ्यांच्या अंगणाचा जिना केला. टोकियोच्या २०० मीटर शर्यतींत मिल्खासिंग आणि खालिक इतके बरोबरीनें फितीवर आले कीं छायाचित्र पाहून निकाल द्यावा लागला. मिल्खासिंग शेवटच्या पावलांत कोसळला होता. तरी पहिला तोच ठरला, वेळ २१.६ सेकंद. ४०० मीटर त्यानें ४७ सेकंदांत जिंकली. दिल्लीला १९५१ सालीं त्याच अंतरासाठीं जपानच्या ओकानोस ५०.७ सेकंद लागले होते, आणि त्यावर सुवर्णपदक मिळालें होतें.

रोमला ६ सप्टेंबर १९६० रोजीं ४०० मीटरची अंतिम शर्यत झाली. मिल्खासिंगनें ती ४५.६ सेकंदांत पुरी केली. रोमच्या सामन्यांपूर्वींचा ऑलिंपिक उच्चांक ४५.९ सेकंदांचा होता. म्हणजे घड्याळाच्या निकालाप्रमाणें तो त्या दिवसापर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिक विजेत्याहून सरस धांवला. परंतु त्या एकाच शर्यतींत आणखी तिघे त्याच्याहून पुढें होते, आणि कांस्यपदक दक्षिण आफ्रिकेच्या स्पेन्सनें ४५.५ सेकंदांत घेतलें. मिल्खासिंगची ती वेळ भारताचा राष्ट्रीय उच्चांक म्हणून अडतीस वर्षें टिकली. १९९८ सालीं कलकत्त्यास परमजितसिंगनें ती मोडली.