चाळिशी देणारे आमचे बंधू



ज्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याचे काम आम्हांकडे आले आहे, ते गृहस्थ ह्याच सभेत मागल्या बाकावर बसले आहेत. आपले नाव घेऊ नये अशी त्यांची अट आहे व ती आम्ही पाळतो. नावाची गरज तरी काय? वसईच्या ह्या गावांत कित्येकांच्या नाकावर त्यांच्या हातचे काम बसलेले आहे.

मराठी भाषेने चष्म्यास 'चाळिशी' म्हटले, हे फार मार्मिक आहे. त्या वयाच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाचा लवचीकपणा उणावतो व जवळचे अक्षर पुसट होते. हा रोग नव्हे, वयाचा धर्म होय. परंतु ज्याचे पोट शिवणावर वा सोनारकामावर आहे, त्याचा धंदाच ह्यामुळे बसतो. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस ह्यावर उपाय निघाला. ही कला निघून अद्याप वीस वर्षेही झाली नाहीत, असे जॉर्डानो नामक दोमिनिकन धर्मगुरूंनी १३०६ साली फ्लॉरेन्स येथील प्रवचनात सांगितले. त्याच संघातील अलेस्सान्द्रो देल्ला स्पिना हे १३१३ साली पिसा येथे वारले. त्यांच्या मठाच्या बखरीत अशी नोंद आहे की, आरंभी ज्याने चष्मे केले तो आपली युक्ती कोणास सांगेना. ह्यांनी ती स्वतः साधली आणि आनंदाने सर्वांस दिली.

आमच्या बंधूंची गणना आम्ही ह्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांत करतो. डोळ्यांत प्रकाशाची तिरीप टाकून, परतणाऱ्या छायेवरून क्रमांक ताडण्याची विद्या त्यांनी गावच्या मुलांस शिकविली. खोली लहान, म्हणून सहा मीटरांचे अंतर त्यांनी आरशाच्या साहाय्याने तीन मीटरांत साधले. ज्यांस अक्षरओळख नाही अशा कोळी-शेतकऱ्यांसाठी चहू दिशांस तोंडे केलेल्या एकाच चिन्हाचा तक्ता त्यांनी भिंतीवर लाविला. शाळेत 'ढ' ठरलेली काही मुले वस्तुतः ढ नव्हती, त्यांस फळाच दिसत नव्हता, हे त्यांनी आईबापांस दाखवून दिले. जेथे काचबिंदूची शंका येई, तेथे चष्मा विकण्याचा मोह टाळून ते रोग्यास तत्काळ नेत्रवैद्याकडे धाडीत. कारण काचबिंदूने एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही.

मध्यंतरी मुंबईस मोठे दुकान थाटण्याची संधी त्यांस आली. मिळकत कितीतरी वाढली असती. परंतु मुले जागी असताना घरी पोहोचता येणार नाही, एवढ्या एकाच कारणास्तव त्यांनी ती नाकारली. पुढे मुलांच्या शिक्षणाच्या दिवसांत हात आखडून संसार करावा लागला. त्यांच्या सहधर्मचारिणींनी तो भार कुरकुर न करता उचलला, हेही आज सांगितले पाहिजे.

आता दुकान बंद झाले आहे. तरी भल्या पहाटे नातवंडांस घेऊन ते अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, कधी वसईच्या किल्ल्यात, तर कधी तुंगारेश्वराच्या रानात हिंडताना दिसतात. हा खंड्या, हा वेडा राघू, अशी पाखरांची ओळख करून देतात. ह्यात केवळ हौस नाही. चीनमधील ग्वांगझौ येथे बारा शाळांत एक प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्या शाळांत मुलांस रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर ठेविले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, तीन वर्षांत त्या मुलांपैकी सुमारे तीस टक्क्यांस लघुदृष्टी जडली. इतर शाळांत हेच प्रमाण सुमारे चाळीस टक्के होते. औषध किती स्वस्त, पाहा! आणि आपण मात्र लेकरू रडले की त्याच्या हाती मोबाईल देतो.

तेव्हा ह्या बंधूंचा खरा सत्कार करावयाचा असेल, तर हारतुरे पुरेत. आपल्या मुलांचे डोळे शाळेत जाण्यापूर्वी तपासून घ्या, आपले चाळिशीनंतर वेळोवेळी दाखवा, आणि रोज काही वेळ लेकरांचा हात धरून उघड्या आभाळाखाली चाला. जन्मभर इतरांस स्पष्ट दिसावे म्हणून झटलेल्या ह्या डोळ्यांस नातवंडांची नातवंडे पाहावयास मिळोत, हीच आमची प्रार्थना.