संस्थेने साहाय्य कसे मागावे?

दहा माणसे एकत्र येतात आणि एखादे सार्वजनिक काम हाती घेतात. कुणी वाचनालय काढतात, कुणी व्यायामशाळा, कुणी बालवाडी. पहिले वर्ष उत्साहात जाते. दुसऱ्या पावसाळ्यात छप्पर गळू लागते, तिसऱ्या वर्षी विजेचे बिल थकते, आणि मग कार्यकारी मंडळाच्या सभेत एक वाक्य हमखास कानी पडते : "कुठून तरी पैसे आणले पाहिजेत." हे 'कुठून तरी' म्हणजे नेमके कुठून, आणि ते कसे आणावयाचे, याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे. उदाहरण म्हणून आपण गावातले एक लहानसे वाचनालय डोळ्यांपुढे ठेवू. व्यायामशाळावाल्यांनी आणि बालवाडीवाल्यांनी आपापल्या सोयीने त्यात बदल करून घ्यावा.

वाचनालयच का घेतले, तेही सांगतो. आपल्याकडे वाचनालये मुख्यतः लोकांनी काढली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पुढे १९४८ साली मद्रास राज्याने ग्रंथालयांचा कायदा केला आणि ग्रंथालयांसाठी लोकांवर लहानसा करच बसविला. महाराष्ट्राने १९६७ साली आपला कायदा केला तेव्हा असा कर ठेवला नाही. ग्रंथालये लोकांच्या संस्थांनीच चालवावीत, आणि मान्यता मिळालेल्यांना सरकारने अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान द्यावे, अशी आपली पद्धत राहिली. तिचा अर्थ उघड आहे. आपल्या वाचनालयाला पैसा आपोआप येत नाही. तो मागावा लागतो, आणि मागताना आपण कोण आहोत हे दरवेळी सिद्ध करावे लागते.

मागण्याची पुष्कळांना लाज वाटते. "आपण काय भीक मागायची?" असे एखादा मानी सभासद सभेत विचारतो आणि सगळे गप्प बसतात. पण भीक आणि अनुदान यांत मोठा फरक आहे. भीक घेणाऱ्याला त्या पैशाचे काय केले, असे कुणी विचारीत नाही. अनुदान घेणाऱ्याला मात्र पैन् पैचा जाब द्यावा लागतो. तो एक करार असतो : तुम्ही पैसा द्या, आम्ही त्याचे अमुक काम करून दाखवू. असा करार करण्यात कमीपणा कसला? कमीपणा असलाच तर तो करार न पाळण्यात आहे.

तेव्हा अर्जाची सुरुवात कागदावर होत नाही, संस्थेच्या कपाटात होते. ते कपाट एकदा उघडून बघा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० चा, आणि सार्वजनिक न्यासांचा आपला अधिनियम १९५० चा. या दोहोंखालची नोंदणीपत्रे कपाटात आहेत का? घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत सापडते का? इतिवृत्ताच्या वहीत मागल्या सभेचा ठराव लिहिलेला आहे का, की "नंतर लिहू" म्हणून पान कोरेच ठेवले आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी तुमचे विश्वस्त म्हणून ज्यांची नावे आहेत, ती माणसे हयात आहेत ना?

हसू नका. कितीतरी संस्थांचे घोडे इथेच अडते. अध्यक्ष वारले, चिटणीस मुलाकडे शहरात राहावयास गेले, नवी मंडळी काम पाहू लागली. परंतु दप्तरी नावे जुनीच. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत फेरफार अहवाल दाखल करावयाचा असतो, हे कुणाच्या ध्यानात राहात नाही. मग एके दिवशी कुणी मोठी रक्कम द्यायला तयार होते, बँक सहीसाठी कागद मागते, आणि सही करणारा माणूस तर देवाघरी! तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार. फेरफाराचे काम वेळखाऊ आहे. पैशाची गरज नसेल तेव्हाच ते उरकून ठेवावे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. वर्षाचा हिशेब मार्चअखेर पुरा करून तपासनिसाकडून तपासून घेतलेला असावा. सलग तीन वर्षांचे तपासलेले हिशेब जवळ असले की निम्मा अर्ज झाला असे समजा. पावतीपुस्तकाशिवाय रुपयाही घेऊ नये. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळावी यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि तिची मुदत संपते, म्हणून तीही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी. दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने दिली तर तिच्यावर ती सवलत मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगावे. नंतर कळले की माणूस रागावतो, आणि त्याचे रागावणे रास्त असते.

आता पैसा कुणाचा मागावयाचा? प्रत्येक थैलीचे तोंड वेगळे असते. एका थैलीतून मिळणारी वस्तू दुसरीतून मिळत नाही. खासदारांचा स्थानिक विकास निधी १९९३ सालापासून आहे. लोक समजतात की खासदार पैसे देतात. वस्तुतः खासदार फक्त शिफारस करतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. शिवाय हा निधी टिकाऊ, सर्वांच्या उपयोगाच्या कामासाठी असतो. त्यातून ग्रंथपालाचा पगार मागाल तर अर्ज तसाच परत येईल. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ साली स्थापन झाले. ते ग्रंथालयांनाच साहाय्य करते, आणि त्याच्या काही योजनांत राज्याचा वाटा आणि प्रतिष्ठानचा वाटा असा जोड असतो. तिसरी थैली कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्या कायद्याला जोडलेल्या कामांच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना हे काम स्पष्ट शब्दांत घातलेले आहे, आणि कंपनीने आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. म्हणजे तालुक्यात एखादा मोठा कारखाना असेल तर मुंबईची वाट धरण्यापूर्वी त्याच्या दाराशी जाऊन यावे. अर्थात असा पैसा घेणाऱ्या संस्थेचीही सरकारकडे आगाऊ नोंदणी लागते. ती २०२१ पासून आवश्यक झाली आहे.

एवढ्या थैल्या सांगितल्या, पण पहिली थैली राहिलीच. ती आपल्या गावाची. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ उभी केली, तेव्हा गावच्या वाचनालयासाठी एक सुंदर रीत घालून दिली होती. गावाने आपल्या वर्गणीतून काही रक्कम जमवावी, तेवढीच पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने. गावाचा एक वाटा पडल्याशिवाय बाकीचे दोन वाटे नाहीत! या रीतीमागचे शहाणपण अजून जुने झालेले नाही. आपल्या अंताजी दामोदर काळ्यांनी तर माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. ज्याने पैसा दिला त्याला कारखाना आपला वाटला. आजही बाहेरचा दाता प्रथम हेच पाहतो की या संस्थेला तिच्या शेजाऱ्यांनी काय दिले? शंभर घरांनी दिलेले शंभर-शंभर रुपये हे एका धनिकाच्या दहा हजारांएवढेच भरतात, पण अर्जात त्यांचे वजन कितीतरी अधिक असते. कारण ती शंभर घरांची साक्ष असते.

आता प्रत्यक्ष अर्ज. मी महाविद्यालयात शिकवितो, म्हणून आजूबाजूच्या संस्थांची माणसे माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "सर, जरा भारदस्त भाषेत लिहून द्या." त्यांची समजूत अशी, की भारदस्त भाषेने पैसा मिळतो. मी त्यांना सांगतो की भाषा मी देईन, पण आकडे तुम्ही आणा. कारण "आमची संस्था गेली अनेक वर्षे समाजाची निःस्वार्थ सेवा करीत असून ज्ञानाचा नंदादीप तेवत ठेवण्याचे व्रत तिने घेतले आहे" हे वाक्य कितीही गोड असले, तरी ते वाचून समोरच्या अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. असली वाक्ये त्याच्या टेबलावर रोज येतात.

त्याऐवजी समजा, असे लिहिले : "वाचनालय रोज सायंकाळी पाच ते आठ उघडे असते. खोलीत बारा खुर्च्या आहेत. परीक्षेच्या दिवसांत रोज तीस मुले अभ्यासाला येतात. अठरा मुले व्हरांड्यात जमिनीवर बसतात. व्हरांड्याला छप्पर आहे, पण भिंत आणि दिवे नाहीत. भिंत, दिवे आणि वीस खुर्च्या यांचा खर्च सोबत जोडला आहे." हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व्हरांडा उभा राहतो. अठरा मुले जमिनीवर बसलेली दिसतात. आता नकार द्यावयाचा तर त्याला त्या मुलांना द्यावा लागेल. मात्र ते तीस आणि अठरा हे आकडे खरे पाहिजेत, बरं का! त्यासाठी येणाऱ्यांची नोंदवही ठेवा आणि महिनाभर रोज मोजा. मोजल्याशिवाय लिहू नये.

अर्जात पाच प्रश्नांची उत्तरे असावीत. अडचण कोणती? ती कुणाची? तुम्ही काय करणार? त्याला किती लागेल? आणि पैसा संपल्यावर काय? पहिल्या चारांची उत्तरे लोक कशीबशी देतात. पाचव्या प्रश्नाशी मात्र सगळे अडखळतात. संगणक देणगीत येतो. त्याची वीज, त्याची दुरुस्ती, तो चालवणारा माणूस हे देणगीत येत नाहीत. मग वर्षभरात त्या संगणकावर कापड पडते आणि कापडावर धूळ. म्हणून अर्जातच लिहावे की पुढचा चालू खर्च आम्ही सभासदांच्या वर्गणीतून असा असा भागवू. तेवढी वर्गणी जमण्याजोगी नसेल तर मागणीच लहान करावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण संस्थांनाही लागू आहे.

अंदाजपत्रक फुगवू नये. "निम्मे कापतील, म्हणून दुप्पट लिहा," असा सल्ला देणारा एक अनुभवी गृहस्थ प्रत्येक गावी असतो. त्याचे ऐकू नका. दोन-तीन दुकानांची दरपत्रके घ्या, स्वस्त आणि टिकाऊ यांचा मेळ घाला, आणि जो आकडा येईल तो लिहा. बाजारभाव ज्याला ठाऊक आहे, त्याला तुमची खुर्ची दुप्पट किमतीची दिसली की तुमच्या तीस मुलांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

पैसा मिळाल्यावर हारतुरे होतात, फलक लागतो, आणि काम संपले असे वाटते. खरे काम तिथे सुरू होते. ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामावर तो खर्च करावा. भिंतीच्या पैशातून स्नेहसंमेलन करू नये, मग हेतू कितीही चांगला असो. बिले क्रमाने लावावीत, विनियोगाचा दाखला मुदतीत पाठवावा. काही रक्कम उरली तर ती उरली असे कळवावे आणि तिचे काय करू म्हणून विचारावे. आणि नकार आला तर? कारण विचारावे, दुरुस्ती करावी, पुढल्या वर्षी पुन्हा जावे.

शेवटी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. २०१२ साली महाराष्ट्रात अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांची सरसकट पडताळणी झाली. महसूल खात्याची माणसे दारोदार गेली. तेव्हा असे दिसून आले की काही ग्रंथालये केवळ कागदावर उघडी होती. पाटी होती तर पुस्तके नव्हती, पुस्तके होती तर वाचक नव्हते. अनुदान मात्र चालू होते. त्या थोड्यांच्या लबाडीपायी प्रामाणिक ग्रंथालयांनाही संशय सोसावा लागला, आणि नव्या मान्यतांचा मार्ग पुढे कित्येक वर्षे अडून राहिला. ज्या गावात खरोखरी तीस मुले व्हरांड्यात बसत होती, त्या गावानेही ते भोगले. एका संस्थेचा खोटा अर्ज असा दुसऱ्या संस्थेच्या ताटातला घास काढून घेतो.

म्हणून संस्थेने अधूनमधून स्वतःला विचारावे की उद्या अनुदान बंद झाले तर परवा दार उघडेल का? कमी दिवे लावून, जुनीच वर्तमानपत्रे चाळत का होईना, पण उघडेल असे उत्तर आले तर खुशाल अर्ज करा, मान ताठ ठेवून करा. तसे उत्तर येत नसेल तर अर्ज जरा बाजूला ठेवा. आधी चार घरी जा, चार सभासद मिळवा, नोंदवहीत रोजची हजेरी लिहू लागा. वर्षभराने तीच वही अर्जाला जोडता येईल.