आमवात आणि औषधाचे सातत्य



भिवंडीच्या श्रोत्यांपुढे हातांच्या रोगाविषयी बोलण्यात एक औचित्य आहे. हे गाव हातांवर जगते. यंत्रमाग विजेवर चालला, तरी तुटलेला धागा बांधावयास बोटेच लागतात. तीच बोटे सकाळी तासतासभर मिटेनाशी झाली, दोन्ही मनगटे सुजली, म्हणजे त्या घराची मिळकतच अडते.

या रोगास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. उतारवयात गुडघे झिजतात, तो प्रकार निराळा. येथे शरीराची रक्षक शक्तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने आढळतो आणि तोही पुष्कळदा कर्त्या वयात. माधवनिदानात वर्णिलेल्या 'आमवाता'शी त्याचे बरेच साम्य असल्याने आम्ही तेच नाव घेतो.

औषधच नाही, अशी तक्रार आता करता येत नाही. १९४८ साली अमेरिकेत कॉर्टिसोनचा प्रयोग झाला आणि १९५० साली त्या कार्यास नोबेल पारितोषिक लाभले. मात्र दीर्घकाळ घेतल्यास ते हाडे ठिसूळ करते, हेही लवकरच कळले. आज मुख्य भिस्त मेथोट्रेक्सेटवर आहे; ते फार महागही नाही.

मग रोगी औषध सोडतो का? केवळ अज्ञानाने, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, सधन देशांतही जुनाट रोगांचे सरासरी निम्मेच रोगी औषध नेमाने घेतात.

कांडी भरणारी एखादी बाई घ्या. तिला गोळी सुरू होते. पण गुण यावयास सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ठणका थांबला नाही, की शेजारीण म्हणते, "हे औषध गरम पडते, सोड." कोणी बिननावाची पुडी आणून देतो; दोन दिवसांत आराम पडतो. त्या पुडीत पुष्कळदा कॉर्टिसोनच्याच जातीचे औषध असते! आणि जिने धीर धरला, तिला गुण आला की वाटते, आता बरी झाले, गोळी कशाला? ठणका थांबला तो गोळीमुळे, हे कोणी तिला सांगितलेलेच नसते. गोळी सुटते, काही आठवड्यांनी सूज परत येते, आणि वाकडे झालेले बोट मग औषधाने सरळ होत नाही.

शिवाय रक्ततपासणीस जावे तर कामाचा खाडा पडतो. पण यकृत व रक्तपेशी ठीक आहेत, हे त्या तपासणीवाचून कळत नाही. म्हणून आम्ही कारखानदारांस विनवितो, की त्या दिवसाची मजुरी कापू नका.

घरच्यांनी एवढे करावे: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते; चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतते. यास्तव एक वार ठरवून दिनदर्शिकेवर खूण करावी. मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांस सांगावे. त्रास वाटला तर परस्पर बंद न करता विचारावे. आणि डॉक्टरांनीही न रागावता ऐकावे.

मागावर एक धागा तुटला तर आपण लगेच माग थांबवून तो बांधतो. पुढे गेलेल्या कापडातला दोष निघत नाही, हे येथे पोरासोरांसही ठाऊक आहे. तीच दक्षता आपल्या घरातील हातांविषयी बाळगावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.